जड झालेला फ्लोट

"गाडीत पेट्रोलचा वास येतोय," असं सांगत येणारं गिऱ्हाईक मला आवडतं. गाडी ओढत नाही, गाडी रुसली, गाडीला कुणाची तरी नजर लागली, असं सांगणाऱ्यांपेक्षा हा माणूस बरा. त्याने निदान नाक वापरलेलं असतं. निम्मं काम तिथंच होतं. उरलेलं निम्मं मात्र डोकं खातं, कारण वास गाडीभर असतो आणि गळती एकाच जागी असते.

परभणीत जिंतूर रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. वय पन्नाशीच्या पुढे गेलं. नव्या गाड्या करतो, पोटासाठी कराव्याच लागतात. पण कार्बोरेटरची जुनी गाडी फाटकातून आत आली की मी हातातला चहा खाली ठेवून उठतो.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला देणारं, दोन ओंजळींत मावेल एवढं यंत्र. त्याच्या एका कप्प्यात थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं. तो कप्पा किती भरायचा हे ठरवायला आत एक पोकळ पितळी डबी तरंगत असते. तिला आम्ही फ्लोट म्हणतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत गोळा असतो ना, तसंच. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर येतो आणि वरची एक बारीक सुई भोकात दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. पेट्रोल खर्चलं की फ्लोट खाली, सुई खाली, वाट उघडी. गाडी चालू असेपर्यंत हे अखंड चालतं आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

यात काहीही बिघडलं की कप्पा गरजेपेक्षा जास्त भरतो आणि पेट्रोल बाहेर येतं. सुईखाली कचरा अडकतो. सुई झिजते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या गाड्यांचं रबर फुगवतं, सांध्यातलं पॅकिंग खातं. आणि कधी कधी फ्लोटलाच बारीक छिद्र पडतं, आत पेट्रोल शिरतं, तो बुडतो. असा फ्लोट कानाशी हलवला की आत खुळखुळ ऐकू येते.

लोक मात्र यावर स्वतःचे इलाज करून मगच माझ्याकडे येतात. सोनपेठचे एक निवृत्त मास्तर जुनी जीप घेऊन आले होते. कार्बोरेटर बघतो तर सगळ्या सांध्यांवर पिवळा लेप. मी विचारलं, "गुरुजी, हे काय लावलं?"

"साबण. कपड्याचा. टाकीला भोक पडलं की लावतेत की."

"टाकीला चालतो, गुरुजी. टाकी थंड असते. हे इंजिनावर तापतंय. आत गेला हो साबण."

"मग आता?"

"आता फेस येईस्तोवर धुतो."

मास्तर हसले नाहीत. "माझी बायको म्हणायलीच होती की उटणं लावायलात का म्हणून," एवढंच म्हणाले. त्यांची जीप मला दोन दिवस पुरली.

गळती कशी शोधायची हे मला उस्तादांनी शिकवलं. पंधरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. वडिलांची इच्छा मी कारकून व्हावं अशी होती. मी आयटीआय केलं आणि थेट उस्तादांच्या गॅरेजात जाऊन उभा राहिलो. त्यांचा एक नियम होता: गरम गाडीवर गळती शोधायची नाही. तापलेल्या इंजिनावर पडलेलं पेट्रोल बघता बघता उडून जातं आणि सगळं कोरडं दिसतं. "गरम गाडी झूट बोलती, गौतम," ते म्हणायचे. "ठंडी होने दे. चाय पी. फिर पूछ." त्यांची आणखी एक शिस्त होती. जो कोणी कार्बोरेटर उघडेल त्याने झाकणाच्या आतल्या बाजूला आपली खूण ठोकायची. माझी खूण तीन टिंबांची. कशासाठी, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगली बार किसको गाली देना, मालूम पडना ना."

दोन वर्षांपूर्वी सेलूहून वैशालीताई एक पांढरी पद्मिनी टेम्पोत घालून घेऊन आल्या. ताई डॉक्टर आहेत, त्यांचे वडीलही सेलूत डॉक्टर होते. गाडी वडिलांची. ते वारल्यावर ती बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आणि ताईंनी ती पुन्हा चालवायचं मनावर घेतलं होतं. गाडी चालू व्हायची, पण पाच मिनिटांत कार्बोरेटरमधून पेट्रोल टपटपायला लागायचं. "गौतमभाऊ, बाबा म्हणायचे ही गाडी तुमच्या हातालाच ओळखते," ताई म्हणाल्या. "आग लागायच्या आत बघा तेवढं."

मी गाडी ओळखली होती. तिच्या डाव्या दाराचा पोचासुद्धा मला ठाऊक होता.

आधी पेट्रोलच्या नळीच्या क्लिपा बघितल्या. चांगल्या होत्या. पंप बघितला, कोरडा. मग कार्बोरेटरचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला माझी तीन टिंबं. खरं सांगतो, मला आनंद झाला. मुलाच्या जुन्या वहीत आपलं अक्षर सापडावं तसं वाटलं. आपण केलेलं काम आहे म्हटल्यावर आतलं सगळं ठीकच असणार, असं धरून मी सुई बदलली, पॅकिंग नवं घातलं, गाडी चालू केली. पेट्रोल टपटप. पुन्हा उघडलं, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली, सुईखालचं वॉशर बदललं. पुन्हा टपटप. फ्लोट कानाशी हलवून बघितला होता, खुळखुळ नव्हती. म्हणजे त्याला छिद्र नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मी फ्लोट हातात घेऊन नुसता बसलो. मग फडताळातून एका मोडीत निघालेल्या गाडीचा तसलाच फ्लोट काढला आणि दुसऱ्या तळहातावर ठेवला. तराजू लागला नाही. ताईंच्या गाडीचा फ्लोट उघड जड होता. त्याच्या बुडाला बोराएवढा कथलाचा गोळा होता. छिद्र बुजवायला कुणीतरी कथील वितळवून लावलं होतं, आणि एका थेंबाचं काम होतं तिथं दहा थेंब ओतले होते. जड फ्लोट पेट्रोलमध्ये खोल बसतो. तो वर येऊन सुई बंद करेपर्यंत कप्पा प्रमाणाबाहेर भरलेला असतो. साधी गोष्ट आहे. ते कथील मी लावलं होतं.

आता मागचं सांगायला हवं. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरसाहेबांच्या या गाडीवर रंगनाथमामा ड्रायव्हर होते. मूळचे सोनपेठकडच्या एका गावचे, घरी शेळ्या-मेंढ्या. सेलूत खोली करून राहायचे. गाडी दुरुस्तीला आणली की ते गॅरेजातच थांबायचे, हॉटेलात जायचे नाहीत. दुपारी भाकरीचं फडकं सोडून मला हाक मारायचे. "ये रे गौतम, मामीनं ठेचा दिलाय, तुझ्या उस्तादाला सोसायचा न्हाई." ते गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवायचे. सवय होती. मी एकदा हसलो तर म्हणाले, "बैलावर हात फिरवत न्हाईत का?"

त्या वर्षी उस्ताद डोळ्यांच्या ऑपरेशनला हैदराबादला मुलीकडे गेले आणि गॅरेज पहिल्यांदा एकट्या माझ्या हातात आलं. त्याच आठवड्यात पद्मिनी आली, फ्लोटला छिद्र. नवा फ्लोट परभणीत मिळेना. मी कथील लावलं. छिद्र पुन्हा उघडू नये म्हणून आणखी थोडं लावलं, आणि ते गुळगुळीत दिसावं म्हणून आणखी थोडं. तीन टिंबं ठोकली आणि गाडी दिली.

महिन्याभराने मामा गाडी घेऊन आले. "गौतम, गाडी पेट्रोल पियायलीय बाबा. लय पियायलीय. डॉक्टरसाहेब माझ्याकडं बघायलेत. तू बघ की एकदा."

मी बॉनेट उघडलं. गाडी सेलूहून आलेली, इंजिन तापलेलं, सगळं कोरडं. पेट्रोल बाहेर टपकण्याइतकं साचत नव्हतं तेव्हा. ते आतल्या आत इंजिनात जात होतं, आणि थोडं बाहेर आलंच तर उडून जात होतं. थंड होईपर्यंत थांबलो असतो तर दिसलं असतं. प्लग काढून बघितला असता तर त्यावर जास्तीच्या पेट्रोलची काळी काजळी दिसली असती. मी काहीच केलं नाही. हाताशी दुसरं काम होतं.

आणि हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो, ते आता लिहितो. कार्बोरेटरच्या अंगावर, झाकणाच्या सांध्याखाली, एक तपकिरी ओघळ होता. पेट्रोल झिरपून वाळलं की असा ओघळ राहतो. तो मला दिसला. मी तो फडक्याने पुसला. जुना असेल, असं मनाशी म्हटलं. जुना नसेल, असंही मनात आलं होतं.

चार दिवसांनी डॉक्टरसाहेबांचा गॅरेजात फोन आला. "गौतम, खरं सांग. गाडीत काही दोष आहे का?"

मी म्हणालो, "नाही साहेब. गाडीत दोष नाही."

गाडीत दोष नाही म्हटल्यावर पेट्रोल कुठे जातं, याचं एकच उत्तर उरतं: ड्रायव्हर काढून विकतो. डॉक्टरसाहेब भला माणूस. आरडाओरडा केला नाही, पोलिसात गेले नाहीत. मामांना म्हणाले, आता तुम्ही आराम करा. पण सेलूसारख्या गावात डॉक्टरांच्या ड्रायव्हरला आराम का दिला हे आठ दिवसांत बाजारभर झालं. मामा पुन्हा कुणाच्या गाडीवर बसले नाहीत. गावी गेले, शेळ्यांमागे.

मी का बोललो नाही, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे. आमच्या वस्तीतून मिस्त्री झालेला मी पहिलाच होतो. एवढं मोठं गॅरेज याच्या हातात कशाला दिलं, असं म्हणणारे होते. माझी चूक निघाली तर ती माझ्या एकट्याची राहणार नाही, सगळ्या वस्तीची होईल, असं वाटायचं. हे कारण खरं आहे. पण पुरेसं नाही. उस्ताद परत आले तेव्हा त्यांनाही सांगितलं नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सोनपेठकडचं काम आलं की मी गाडी इकडेच आणायला सांगायचो, तिकडे जायचो नाही.

तर त्या दिवशी दोन तळहातांवर दोन फ्लोट घेऊन मी वैशालीताईंसमोर उभा राहिलो आणि हे सगळं सांगितलं. ओघळासकट. ताई स्टुलावर बसल्या होत्या. जड फ्लोट त्यांनी माझ्या हातातून घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "बाबा शेवटच्या आजारपणात सारखे म्हणायचे, रंगनाथला बोलवा, मला त्याला एक विचारायचंय. आम्ही बोलावलं नाही. कशाला जुनं उकरायचं, असं वाटलं." फ्लोट परत देत त्यांनी विचारलं, "ते आहेत का अजून?"

"आहेत. गेल्या वर्षी सोनपेठच्या बाजारात कुणीतरी बघितलं."

"मग गाडी नीट करा. त्याच गाडीतून जाऊ."

फडताळातल्या त्या फ्लोटला मी आधी गरम पाण्यात बुडवून बघितलं. छिद्र असेल तर बुडबुडे येतात. आले नाहीत. तो बसवला, गाडी तासभर चालवली, मग बंद करून पूर्ण थंड होऊ दिली. चहा प्यालो. थंड गाडीच्या कार्बोरेटरखाली पांढरा कागद धरून बघितलं, कागद कोरडा. ताईंना फोन केला.

पोखर्णीवरून पुढे जाताना ताईंनी विचारलं, "काय बोलायचं ठरवलंय?" मी म्हणालो, काही ठरवलेलं नाही. ठरवलेलं होतं, चार वाक्यं पाठ होती. गावात शिरल्यावर ती चारही विसरलो.

मामा घरासमोर बाजेवर बसले होते. वाळलेले, पण तेच. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, आणि आम्ही उतरायच्या आत ते गाडीजवळ आले. माझ्याकडे नाही, ताईंकडे नाही. बॉनेटवर हात ठेवला. "इंजिनाचे टॅपेट वाजायलेत," म्हणाले.

मग माझ्याकडे बघून, "गौतमच का रे तू? केस गेले की."

मी तिथंच, उभ्या उभ्या, सांगून टाकलं. माझ्या हाताने फ्लोट जड झाला, म्हणून गाडी पेट्रोल पीत होती. मला शंका आली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. ताई हात जोडून म्हणाल्या, "मामा, बाबांच्या वतीनं मी आलेय." मामा ऐकत राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी तयार होतो. पण ते नुसतेच बाजेवर जाऊन बसले.

"झालं ते झालं," म्हणाले. "शेळ्या बऱ्या. पेट्रोल पीत न्हाईत." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला काय सांगतूस गौतम. मला ठावं होतं की मी पेट्रोल इकलं न्हाई. तिला सांग. आत हाय ती."

आत गयाबाई मामी होत्या. मी ज्यांच्या हातचा ठेचा खाल्ला, पण ज्यांना कधी बघितलं नव्हतं, त्या. मामांनी दारातूनच सांगितलं, "ह्या माणसाचं ऐक जरा." आणि तेव्हा मला समजलं की त्या काळात चोरीचा संशय फक्त सेलूच्या बाजारात नव्हता, या घरातही होता. मामी स्वतःच म्हणाल्या, "मी ह्यांला पोखर्णीला नेलं होतं. नरसिंहाच्या म्होरं शपथ घ्यायला लावली. घेतली ह्यांनी. तरी बी मन खात होतं. डॉक्टर एवढा शिकलेला माणूस, उगं कशाला कामावरनं काढल?"

कार्बोरेटर म्हणजे काय हे मी आयुष्यभर शेकडो लोकांना समजावलं आहे. त्या बाईसमोर माझी जीभ वळेना. शेवटी मी म्हणालो, "मामी, परातीत पाणी द्या."

त्यांनी परात भरून अंगणात ठेवली. मी खिशातून जुना जड फ्लोट काढला आणि सोबत आणलेला दुसरा एक चांगला. दोन्ही पाण्यात सोडले. चांगला वर, बदकासारखा डुलत राहिला. माझा एका बाजूला कलला आणि गळ्यापर्यंत खाली बसला. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यात तो याहून खोल जायचा, हेही मी सांगितलं. हा वर यायला उशीर करायचा, तोवर पेट्रोल जास्तीचं यायचं आणि वाया जायचं. हे जास्तीचं कथील मी लावलंय. मामांनी थेंबभर पेट्रोल घेतलं नाही.

मामींनी बोटाने जड फ्लोट दाबला, सोडला. पुन्हा दाबला. चांगला दाबून बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं पाण्यात टाकून बघायला तुला इतकी वर्षं लागली व्हय रे?"

मी मान खाली घातली.

त्या उठल्या. मला वाटलं, चहा ठेवायला चालल्या. त्या गेल्या अंगणाच्या कडेला आणि शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडल्या, "ए कौसा! इकडं ये! तुझ्या नवऱ्याला बी आण!" मग दुसऱ्या घराकडे. मग रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला, "भाऊजी, थांबा वाईच. तुमी त्या टायमाला काय म्हणला होता ते ध्यानात हाय माझ्या. या, बघा."

"बस कर की गं आता," मामा बाजेवरून म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमच्या गप बसण्यानंच झालंय सगळं."

माणसं येत गेली. प्रत्येक वेळी मामी मला म्हणायच्या, "सांग ह्यांना." मी दोन्ही फ्लोट पुसायचो, पाण्यात सोडायचो, आणि पहिल्यापासून सांगायचो, हे कथील मी लावलं, चूक माझी, मामांनी काही घेतलं नाही. पहिल्या खेपेला माझा आवाज फाटला. तिसऱ्या खेपेला ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि डॉक्टरांची मुलगी म्हणून त्यांनीही सांगितलं. एकाने विचारलं, "मग हे आधी का न्हाई बोललास?" मी म्हणालो, भ्यालो होतो. तो "हं" म्हणाला आणि मामांच्या बाजेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

ऊन उतरलं. मामींची नणंद शेतातून आली, डोक्यावर गवताचा भारा तसाच. मी पुन्हा फ्लोट पुसायला घेतले, तर मामींनी ते माझ्या हातातून काढून घेतले.

"तू सर," म्हणाल्या. "तुला धड सांगता येईना. मी सांगते."

आणि परातीशी उकिडव्या बसून त्यांनी नणंदेला कार्बोरेटर समजावला. मी आजवर कधी सांगितला नव्हता इतका सोपा, एकही शब्द न चुकता. शेवटी जड फ्लोट बोटाने पाण्याखाली दाबून धरला, आणि बाजेवरच्या मामांकडे मान वळवून नणंदेला म्हणाल्या, "समजलं का? ह्यांनी न्हाई घेतलं."